स्टेशनापासून गढीपर्यंत

श्रीमंगलमूर्तीच्या चरणी मस्तक ठेवून, ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरातून कोणी उंबरठा ओलांडला नाही त्या विघ्नहर्त्याला साक्ष ठेवून, मी हे लिहावयास बसलो आहे. निमित्त लहानसेच आहे. माझी एक नात शिक्षणासाठी दूरदेशी निघाली आहे. काल तिने मला विचारले, "आजोबा, निघण्याच्या आधीच सामानातले एक गाठोडे शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे, हा काय प्रकार आहे?" मी म्हणालो, "त्याला प्रस्थान ठेवणे म्हणतात." एवढ्याने तिचे समाधान झाले, माझे झाले नाही. प्रस्थान म्हटले की मला मार्गशीर्षातला एक शुक्रवार आठवतो.

एकोणीसशे पन्नास सालानंतरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही चिंचवडला, पवनेपासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. मी पाठशाळेत व्याकरण शिकवीत असे आणि कोणी विचारले तर मुहूर्त सांगत असे. पिंपरीकडच्या माळावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते; जेथे गुरे चरत तेथे भोंगा वाजू लागला होता. त्यांतल्याच एका कारखान्यात माझा जावई रसायनशास्त्रज्ञ होता. लग्नाला वर्ष होते न होते तोच कारखान्याने त्याला नव्या यंत्रांचे शिक्षण घेण्यासाठी फ्रान्सला पाठविले, आणि मुलगी आमच्याकडे राहावयास आली.

आश्विनात पत्र आले की पावसाने निसरड्या झालेल्या लोखंडी जिन्यावरून तो पडला आणि मांडीचे हाड मोडले. इस्पितळातून सुटल्यावर त्याला एका खेड्याबाहेरच्या 'शातो'त ठेवण्यात आले. "शातो म्हणजे आपल्याकडची गढी समजावी," असे त्याने लिहिले होते. दोन बुरूज, भोवती कोरडा खंदक, आत लांबलचक गार दालने, भिंतींवर शिकारीतल्या हरणांची मस्तके. लढाईनंतर मालकीणबाईंना एवढी वास्तू सांभाळणे जड जाऊ लागले म्हणून त्यांनी तिचे हॉटेल केले. जावयाच्या वरिष्ठांची ती मावशी; हिवाळ्यात खोल्या रिकाम्याच पडलेल्या असत, त्यामुळे त्याची तेथे सोय झाली.

पहिली पत्रे लांब असत. मालकीणबाई काळा पोशाख करून जेवणाच्या मेजाशी कशा उभ्या राहतात, शनिवारी पॅरिसची मंडळी मोटारी घेऊन कशी येतात, हे सारे त्यांत असे. मग पत्रे आखूड होऊ लागली. जेवणाच्या घंटेविषयी तो लिही. जेवणाविषयी लिहीनासा झाला. एका पत्रात तर एवढेच होते: "येथे सर्व माणसे चांगली आहेत. मला भूक नसते."

मुलीने ते पत्र वाचले, घडी घातली आणि कणीक मळत बसलेल्या आईला म्हणाली, "आई, मी जाते त्यांच्याकडे."

"कुठे?"

"फ्रान्सला."

"बरं. आधी हात धू आणि पोळपाट घे," ती म्हणाली. पण कणकेतले तिचे हात थांबले होते.

आगबोटीच्या तिकिटाची व्यवस्था जावयाच्या वडीलबंधूंनी केली. पासपोर्ट झाला. आप्तेष्टांत समुद्रगमनाची कुजबुज झाली. पतीच्या दुखण्यात पत्नीने त्याच्यापाशी असणे हाच धर्म, एवढे सांगून मी तो विषय मिटविला. आश्चर्य असे की मला समुद्राचे भय वाटले नाही. बोटीवर पुण्याचे एक डॉक्टर आणि त्यांची पत्नी सोबतीला होती. मार्सेयच्या बंदरावर उतरल्यावर तीच दोघे तिला आगगाडीत बसवून देऊन आपल्या वाटेने पुढे जाणार होती. ती गाडी तिला रविवारी दुपारी एका लहानशा स्टेशनावर उतरवणार होती. माझे भय तेथून पुढचे होते. ती गढी स्टेशनापासून आठ मैलांवर होती.

जावयाने स्पष्ट लिहिले होते: "येथे येणारा प्रत्येक पाहुणा आपल्या मोटारीने येतो. मोटारीवाचून कोणी आल्याचे मालकीणबाईंना आठवत नाही. मी स्वतः काठ्यांच्या आधाराने दालनाच्या टोकापर्यंत जाऊ शकतो, त्यापुढे नाही."

शास्त्रग्रंथ शिकविण्यात आयुष्य गेलेल्या मनुष्याला विचार करण्याची एकच रीत ठाऊक असते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचे खंडन, मग उत्तरपक्ष. रोज संध्यावंदन आटोपले की मी ओसरीवर बसून त्या आठ मैलांचा पूर्वपक्ष मांडू लागे. बस आहे. परंतु ती रविवारी नसते. गावात भाड्याची एक मोटार आहे. परंतु तिचा मालक नाताळासाठी आपल्या मुलीच्या गावी जाणार आहे. मालकीणबाईंची स्वतःची मोटार होती. परंतु ती लढाईत सैन्याने नेली, ती परत आलीच नाही. जावयाचे वरिष्ठ आहेत. परंतु ते सुटीत डोंगराकडे जातात. शनिवारची पॅरिसची मंडळी आहेत, परंतु नाताळात तीही येत नाहीत. स्टेशनाजवळच्या खाणावळीत एक रात्र काढावी. परंतु ती हिवाळाभर बंद असते. प्रत्येक शंकेचे पत्र विमानाने जाई, प्रत्येक 'परंतु' विमानाने परत येई.

"अहो, तुमचा उत्तरपक्ष सापडेपर्यंत आगबोट जाऊन परत येईल," माझी पत्नी एकदा म्हणाली.

"मग तू सांग."

"सांगायचं काय त्यात? चालत जाईल. आठ मैल म्हणजे इथून देहू."

"देहूच्या वाटेवर तिला मराठी येते," मी म्हणालो.

त्या देशात हिवाळ्यात दुपार सरते न सरते तोच अंधार पडतो, हेही जावयाने लिहिले होते. वीस वर्षांची मुलगी, अंगावर नऊवारीच्या जागी नुकतीच सवय केलेली पाचवारी, हातात ट्रंक, तोंडात त्या देशाचा एक शब्द नाही, आणि समोर बर्फाने झाकलेला रस्ता. हे चित्र मी जपाला बसलो की डोळ्यांपुढे येई. मुलगी मात्र आमच्या या चर्चेत कधी पडली नाही. जवळच कंदिलाशी बसून ती लोकरीच्या कोटाला अस्तर लावीत असे.

आता प्रस्थानाविषयी सांगावयास हवे. बोट मुंबईहून शनिवारी सुटावयाची होती, म्हणजे चिंचवडहून शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघणे भाग होते. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, त्या दिशेने घरातून निघू नये असा संकेत. अशा वेळी शास्त्राने सोय ठेवली आहे. आधीच्या शुभवेळी प्रवाशाचे एक गाठोडे जाण्याच्या दिशेला असलेल्या परक्या घरी नेऊन ठेवावे. प्रवासाला तेव्हाच आरंभ झाला असे समजतात. प्रत्यक्ष निघताना ते गाठोडे उचलायचे आणि पुढे जायचे. एकदा उचलल्यावर ते घेऊन घरी परतायचे नाही.

गाठोड्यात काय असावे याविषयी आमच्या घराण्याचा कटाक्ष होता. सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ एवढेच बांधून ठेवणे म्हणजे देवाची समजूत काढण्यासारखे. ज्यावाचून प्रवास होणारच नाही अशी एक तरी वस्तू त्यात हवी. माझे वडील आपली संध्येची पळी-पंचपात्री ठेवीत. मी हे सांगितले तेव्हा मुलगी म्हणाली, "मग अण्णा, पासपोर्टच ठेवू या. आणि तिकीट." मला ते फार समर्पक वाटले. माझ्या पत्नीलाही वाटले. बुधवारी सकाळी, उत्तम वेळ पाहून, पासपोर्ट आणि तिकीट जावयाच्या उपरण्यात बांधले गेले.

आमच्या घराच्या पश्चिमेला पहिले घर एका मुसलमान मिस्त्रीचे होते. मुंबई रस्त्यावर त्याचे मोटारी आणि तेलाची इंजिने दुरुस्त करण्याचे दुकान होते. माणूस बोलका, हसरा, शब्दाचा पक्का. मी गाठोडे पुढे केले तेव्हा त्याने आधी हात धुतले, मग दोन्ही हातांत घेतले.

"गुरुजी, आत काय हाय ते मला सांगू नका. तुमची अमानत हाय, एवढं बास."

"शुक्रवारी निघताना घेऊन जाऊ," मी म्हणालो. "शनिवारची आगबोट आहे."

"बेफिकीर राहा."

मी बेफिकीर राहिलो. त्या महिन्यात मी बेफिकीर असलेली ती एकच गोष्ट.

शुक्रवारी सकाळी पूजा करून गाठोडे आणावयास गेलो तर मिस्त्रीच्या दाराला कुलूप. पलीकडच्या खोलीत कारखान्यात लागलेल्या एका कोकणी कामगाराचे बिऱ्हाड होते. त्याची बायको पाणी भरून येत होती.

"ते कालच गेले खेडला," ती म्हणाली. खेड म्हणजे ज्याला पुढे राजगुरुनगर म्हणू लागले ते गाव. "बहीण अडलीय म्हणून सांगावा आला. पोराबाळांसकट सगळी गेली."

"आणि आमचे गाठोडे?"

"ते? ते गळ्यात बांधूनच गेले की! मी विचारलं पण, हे काय नवीन ताईत? तर म्हणाले, गुरुजींची ठेव हाय, कुलपाच्या भरवशावर कशी टाकून जाऊ?"

मी घरी आलो आणि काय झाले ते सांगितले. बोट चुकली तर पुढची केव्हा, तिच्यात जागा केव्हा, आणि तोवर तिकडे त्या गार दालनात न जेवणाऱ्या मनुष्याचे काय, हेच तिघांच्याही मनात होते. मुलीने पदर खोचला.

"अण्णा, उपरणं घ्या. निघू."

आमच्या आळीत मोटार मिळवून देऊ शकेल असा एकच मनुष्य होता, आणि तोच खेडला गेला होता. टांगे सकाळच्या गाडीच्या उतारूंना घेऊन गावात पांगलेले. आम्ही भोसरीची वाट धरली आणि झपझप चालत नाशिक रस्ता गाठला. पहिली एस.टी. भरलेली होती, थांबलीच नाही. दुसरी थांबली, पण ती चाकणपर्यंतच जाणार होती. उभ्यानेच निघालो. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडताना मी हात जोडले; ओठ जप करीत होते आणि मन उरलेल्या वेळेचा हिशेब.

चाकणच्या नाक्यावर त्या दिवसांत कांद्याची धांदल असे. बैलगाड्या, पोती, हमालांच्या हाका, सगळीकडे कांद्याची टरफले उडत होती. मी खेडच्या गाडीची चौकशी करीत होतो इतक्यात मुलीने माझे उपरणे ओढले.

"अण्णा, ते बघा कोण!"

सायकलीच्या दुकानापुढे एक सायकल उलटी करून ठेवली होती, आणि तिच्याशी उकिडवा बसून आमचा मिस्त्री पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधीत होता. गळ्यात, सदऱ्यावरून, जावयाचे उपरणे आडवे बांधलेले.

"या अल्ला, गुरुजी!" तो ताडकन उठला. "दुनियेची चाकं मी नीट करतो आन माझंच चाक चाकणात बसलं! डोक्यात आगबोटच बसली होती बघा, शनवार, शनवार. पहाटे नमाजाला उभा राहिलो आन एकदम उजाडलं, आज जुम्मा! गुरुजी जुम्म्याला घेऊन जातो म्हन्ले होते. मेव्हण्याची सायकल काढली ती इथपर्यंत."

"तुमची बहीण कशी आहे?"

"बरी हाय. पोरगा झाला." तो हसला, मग गळ्यातली गाठ सोडून गाठोडे त्याने मुलीच्या हातात दिले. "बघून घे बेटी. मी सोडून बघितलं नाय."

पासपोर्ट होता. तिकीट होते. मी तेथेच, त्या कांद्याच्या पोत्यांत उभा राहून देवाला नमस्कार केला. आणि मग ध्यानात आले की प्रस्थान उचलले गेले. आता तिने घरी परतायचे नव्हते.

मी मुलीला म्हणालो, "चल, आल्या वाटेने घरी जाऊ. गाडीला अजून वेळ आहे. आई वाट पाहत असेल. दोष लागला तर तो माझा. मी शांत करीन."

"नको अण्णा. आपण इथून तळेगावला जाऊ. आपली गाडी तळेगावला थांबते."

"आणि सामान? आणि तुझी आई?"

"मिस्त्रीकाका सायकलीवरून निरोप नेतील. आई ट्रंक घेऊन चिंचवडला गाडीत बसेल. मी तळेगावला चढेन."

"चाकणहून तळेगावला जायचे कशाने? त्या आठ मैलांहून अंतर जास्त आहे."

ती हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणूनच. अण्णा, रोज तुम्ही त्या रस्त्याचं बोलता आणि मी टाके घालत ऐकते. तुम्हाला वाटतं मला काही वाटत नाही. मला झोप लागत नाही. इथे फसले तर तुम्ही शेजारी आहात. तिथे कोणी नाही. मला एकदा बघू द्या जमतं का."

आजवर मी स्वतःच्याच भयाकडे पाहत होतो. तिचे भय मला त्या नाक्यावर पहिल्यांदा दिसले. मी होकारार्थी मान हलविली.

"पण तुम्ही बोलायचं नाही," ती म्हणाली. "एक शब्द नाही. आणि मीही मराठी बोलणार नाही. तिथे कुठे येणार आहे कोणाला?"

मिस्त्रीने ट्यूब चढवीत हे ऐकले होते. "गुरुजी, पोरगी वकिली करंल," तो म्हणाला. "वहिनींना गाडीत बसवतो तवाच पाणी पितो, जा तुमी." आणि चाकात हवा भरून तो चिंचवडच्या वाटेला लागलाही.

कांद्याची पोती भरलेला एक ट्रक तळेगावच्या मालधक्क्याला निघण्याच्या बेतात होता. मोठे मुंडासे बांधलेला ड्रायव्हर विडी ओढत उभा होता. मुलगी त्याच्यासमोर गेली. तिने ट्रककडे बोट दाखविले, पश्चिमेकडच्या रस्त्याकडे दाखविले, मग स्वतःकडे आणि माझ्याकडे.

"काय गं बाय?" तो म्हणाला. "काय पायजे?"

तिने पुन्हा तेच केले.

"मुकी हाय व्हय?" त्याने मला विचारले. मी मान फिरवून कांद्याच्या ढिगाकडे पाहू लागलो.

मुलीने काडी उचलली आणि धुळीत रूळ काढले. दोन लांब रेघा, मधे आडव्या. हमाल भोवती गोळा झाले.

"इस्टेशन म्हन्ती जनू."

"इस्टेशन कशाचं? शिडी हाय ती. आरं, कुनी हिरीत पडलं का काय हिचं?"

"व्हय रं! म्हाताऱ्याचं तोंड बघ की!"

दोघे तर दोर आणायला धावण्याच्या तयारीत होते. तेव्हा माझ्या मुलीने, जिने आजवर परक्या पुरुषांसमोर आवाज चढविला नव्हता, दोन्ही कोपर चाकांसारखे फिरविले आणि मोठ्याने "कूऽऽ" केले. सगळा नाका हसला.

"आगगाडी! तळेगाव इस्टेशन!" ड्रायव्हर मांडीवर थाप मारून म्हणाला. "बुवा, मग तुमी तरी बोलायचं की!"

मी हात जोडले.

"ह्ये बी मुकं! काय देवाची करनी. बसा, बसा फुडं. सावकाश चढ बाय."

असत्य बोललो नव्हतो. पण माझ्या मौनाने असत्य उभे केले होते, आणि ते माझ्या मनाला बोचत होते. ट्रक निघाला. आम्ही ऐकू शकत नाही असे धरून ड्रायव्हर आणि त्याच्या लगत बसलेला हमाल मोकळेपणी बोलू लागले.

"नवऱ्यानं टाकली आसंल रं."

"न्हाई, गळ्यातलं मनी नवं दिसत्यात. नवऱ्याकडंच निघाली आसंल. बाप पोचवाया आलाय."

"बाप पोचिवतोय व्हय? मला तर लेक बापाला पोचवाया निघाल्यावानी वाटतं. त्येचं त्वांड बघ, पिठावानी झालंय. पोर न्हाई भ्याली."

मुलगी काचेतून सरळ पुढे पाहत होती. तिचे हात मात्र मांडीवरच्या गाठोड्याभोवती इतके आवळलेले होते की बोटांची पेरे पांढरी पडली होती. ते त्या दोघांना दिसत नव्हते, मला दिसत होते.

तळेगाव स्टेशनाबाहेर उतरल्यावर तिने ड्रायव्हरला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, तुमचे फार उपकार झाले."

"आँ!" त्याच्या तोंडातली विडी पडली. "बोलतीस की गं! मग चाकनात काय दातखीळ बसली हुती व्हय?"

तिने त्याला सारे सांगितले. नवऱ्याचे मोडलेले हाड, बोट, ती गढी, तो रस्ता. सांगता सांगता ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी त्याची क्षमा मागितली. त्याने डोके खाजविले.

"ऱ्हाऊ द्या, बुवा," तो म्हणाला. "पर बाय, तितं गेल्यावं शिडी नगं काढू. कूऽ तेवढं कर."

फलाटावर आम्ही बाकावर बसलो. आता मिस्त्री वेळेत पोहोचला की नाही हे कळावयास मार्ग नव्हता. पुन्हा पंक्चर झाले असेल तर? माझी पत्नी घाबरून घरातच बसली असेल तर? ट्रंकेवाचून, गरम कपड्यांवाचून मुलीला बोटीवर चढवायचे की नाही? गाडी येताना दिसली तेव्हा मी उभा राहिलो आणि प्रत्येक डब्याकडे पाहू लागलो. एक डबा गेला, दुसरा गेला, बायकांचा डबा आला आणि त्याच्या खिडकीत मला ओळखीचे कुंकू दिसले.

शेजारच्या डब्यातून मिस्त्री ट्रंक घेऊन उतरला. "वहिनी एकट्या कशा उचलणार?" एवढेच म्हणाला, आणि आम्ही बसणार होतो त्या डब्यात ट्रंक चढवायला धावला.

माझी पत्नी पदराखाली झाकलेली वाटी घेऊन उतरली. "हात पुढे कर," ती मुलीला म्हणाली आणि तिच्या तळहातावर दही घातले. "अर्धं मांडीवर सांडलं, मेली गाडी एवढी हिसके देते. चाट लवकर." मुलीने दही खाल्ले. गार्डाने शिट्टी दिली. "ते तू उशीर केलास म्हणून रागावतील, तर रागावू देऊ नकोस," असे काहीतरी ती बोलली. बोलण्याला अर्थ नव्हता, बोलत राहणे तिला हवे होते. गाडी हलली तेव्हा ती रिकामी वाटी हातात धरून मिस्त्रीच्या शेजारी उभी होती. मी मुलीबरोबर मुंबईपर्यंत गेलो, दुसऱ्या दिवशी तिला त्या डॉक्टरांच्या हवाली केले, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर थांबलो.

एडनहून पत्र आले. मग काही नाही. तो रविवार उजाडला तेव्हा मी पहाटेपासून देवापुढे बसलो. आपल्याकडे दुपार होते तेव्हा तिकडे सकाळच असते हे मला माहीत होते, तरी उठवेना. तिन्हीसांजेला माझी पत्नी दिवा लावावयास आली आणि म्हणाली, "आता उतरली असेल." आम्ही दोघे त्या दिव्याकडे पाहत बसलो. त्या दिवशी घरात नुसता भात झाला, तोही तसाच राहिला.

सोमवारी तार आली. टपाल कचेरीतल्या मास्तरांनीच ती वाचून मराठीत सांगितली: "दोघे स्टेशनवर. सुखरूप."

सुखरूप या शब्दाने जीव भांड्यात पडावयास हवा होता. तो पडला नाही. दोघे म्हणजे कोण? आणि स्टेशनावर का? गढीवर का नाही? ज्याला दालनाचे टोक गाठणे कठीण, तो आठ मैलांवरच्या स्टेशनावर कसा असेल? मग दुसरा कोण? "दोघे म्हणजे दोघे. तुम्हाला आणखी कोण हवंय?" असे माझी पत्नी म्हणाली खरी, पण दुपारी तिनेच ती तार पुन्हा मागून घेतली, जणू अधिक वेळ पाहिल्याने तिच्यात आणखी अक्षरे उमटतील. पत्र येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते देवाला ठाऊक. मनाने किती रस्ते चाललो, किती दारे ठोठावली!

पत्र आले ते माझ्या पत्नीने उभ्यानेच फोडले.

गाडी थांबली तेव्हा त्या स्टेशनावर आपण एकटीच उतरलो, असे मुलीने लिहिले होते. सगळे पांढरे. मग फलाटाच्या टोकाला काठ्यांवर उभा असलेला एक मनुष्य दिसला. इतका वाळलेला की तिने आधी ओळखलेच नाही. रविवारी गढीवरून निघण्याला काही साधन नाही म्हणून तो शनिवारीच, मालकीणबाई रागावत असता, दुधाच्या गाडीतून आला होता आणि रात्रभर उतारूंच्या खोलीतल्या बाकावर पडून राहिला होता. आता परत जाण्याला सोमवारच्या बसपर्यंत काहीच नव्हते. स्टेशनमास्तराने शेगडी पेटवून दिली. ती दोघे तो दिवस आणि ती रात्र त्या खोलीतच राहिली. "आईने दिलेले लाडू मी उघडले," तिने लिहिले होते. "त्यांनी किती खाल्ले ते मी पाहिले नाही, पाहिले तर ते थांबतील असे वाटले. सकाळी डबा हलका लागला." दुसऱ्या दिवशी बसने गढीच्या फाट्यावर उतरून दोघे त्याच्या चालीने, थांबत थांबत, झाडांच्या रांगेतून वर गेली. मालकीणबाई दारात उभ्या होत्या, आणि दोघे अगदी समोर आली तरी त्या त्यांच्या मागे मोटार शोधीत होत्या.

माझी पत्नी पत्र धरून खाली बसली आणि म्हणाली, "अहो, ते जेवले." मला त्या रस्त्याचे सारे पूर्वपक्ष पाठ होते. त्यांतल्या एकातही, मोडल्या पायाचा मनुष्यच स्टेशनावर येऊन उभा राहील, असे मी मांडले नव्हते. मी उठलो, हातपाय धुतले आणि देवाला त्या दोघांच्या नावाने दोन वाट्यांचा नैवेद्य दाखविला.

हे वाचणाऱ्या सुज्ञांनो, आपल्या घरातून जो जो निघेल त्याच्या वाटेवर श्रीमंगलमूर्ती माणसे ठेवो. जो घरी मागे राहून वाट पाहील त्याला धीर देवो. आणि आपल्या कुलातली लहानथोर सारी, जेथे असतील तेथे, भुकेच्या वेळी आपल्या माणसाजवळ असोत. आपणां सर्वांचे कल्याण असो.